चालू माहितीपटात प्रोरेस रॉ उघडत नाही. रिझॉल्व्ह १९ वरून २० वर आताच जावे का?

प्रश्न: कर्वेनगर_संकलन

नमस्कार. पुण्यातील एका छोट्या निर्मितीसंस्थेसाठी आम्ही आषाढी वारीवर माहितीपट करत असून त्याचे संकलन डाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओ या संकलन-सॉफ्टवेअरच्या १९.१ या आवृत्तीवर चालू आहे. आळंदीचे प्रस्थान, पालख्यांचा पुण्यातील मुक्काम आणि पुढचा सासवडपर्यंतचा टप्पा असे तीन भाग आहेत. पहिल्या भागाचा कट दिग्दर्शकांनी मान्य केला आहे, दुसऱ्याचे काम निम्म्यावर आले आहे आणि तिसऱ्याला अजून हात लागलेला नाही. मुख्य चित्रीकरण सोनी एफएक्स६ आणि एफएक्स३ या कॅमेऱ्यांवर झाले. दिवे घाटातील चित्रीकरण मात्र दुसऱ्या छायालेखकाने स्वतःच्या निकॉन झेड८ वर केले आणि त्याची हार्ड डिस्क आमच्याकडे बरीच उशिरा पोहोचली.

त्या डिस्कवर तीन प्रकारच्या फाइल आहेत. एनईव्ही हे शेपूट (एक्स्टेन्शन) असलेल्या एन-रॉ फाइल (निकॉनचे रॉ, म्हणजे संवेदकाची कच्ची माहिती साठवणारे स्वरूप) व्यवस्थित उघडतात. एमपी४ फाइलही उघडतात, आणि त्या फारच हलक्या चालतात. तिसरा प्रकार प्रोरेस रॉ एचक्यू या ॲपलच्या रॉ स्वरूपातील एमओव्ही फाइलचा असून त्या मीडिया पूलमध्ये घेतल्या तर चित्र दिसत नाही. घाट चढणाऱ्या दिंड्यांचे सर्वांत चांगले शॉट नेमके याच प्रकारात आहेत.

शोध घेतल्यावर रिझॉल्व्हच्या २०.२ या आवृत्तीत प्रोरेस रॉ वाचण्याची सोय आल्याचे समजले. निर्मात्यांचे म्हणणे असे की अपडेट विनाशुल्क मिळते आहे, तर ते टाकून मोकळे व्हावे. ज्या स्टुडिओत आमचे ग्रेडिंग, म्हणजे रंगसंस्कार, होणार आहे ते लॉ कॉलेज रस्त्यावर आहेत, त्यांच्याकडे १९ आहे आणि हातातील एक चित्रपट पूर्ण होईपर्यंत ते आवृत्ती बदलणार नाहीत.

दुसरी एक अडचणही याच वेळी विचारून घेतो. एफएक्स३ वर ५० फ्रेम्सने घेतलेले एक्सएव्हीसी एचएसचे फुटेज टाइमलाइनवर अडखळत चालते, एफएक्स६ चे मात्र सुरळीत चालते. आमच्या संगणकात इंटेल आय७ १२७००एफ, ६४ जीबी रॅम आणि १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० कार्ड आहे, प्रणाली विंडोज ११ आहे. नवीन आवृत्तीत ही अडचणही सुटेल, असे एका मित्राने सांगितले. या दोन्हींसाठी आत्ताच अपडेट करणे शहाणपणाचे ठरेल का?

उत्तर: प्रभात_रोड_पोस्ट

आपल्या दोन अडचणी एकत्र आल्या असल्या तरी त्यांचे मूळ वेगवेगळे आहे आणि निर्णय घेण्यापूर्वी ती वेगळी करून पाहावीत. प्रोरेस रॉचा प्रश्न निव्वळ सॉफ्टवेअरचा आहे. १९ मध्ये ती फाइल उलगडण्याची सोयच नाही, त्यामुळे तेथे कितीही शक्तिशाली संगणक आणला तरी चित्र येणार नाही. एक्सएव्हीसी एचएसचा प्रश्न याच्या नेमका उलट आहे. फाइल सॉफ्टवेअरला पूर्ण समजते, पण ती वेगाने उलगडून देणारे यंत्र आपल्या खोक्यात नाही, आणि ते कोणत्याही अपडेटमधून येत नाही.

हा दुसरा मुद्दा आधी संपवतो, कारण कॅमेऱ्यांच्या बाबतीत सर्वाधिक गैरसमज येथेच होतात. एक्सएव्हीसी एचएस हे सोनीने एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, या संकोचनावर बेतलेले स्वरूप आहे. तुमचे फुटेज १०-बिट ४:२:२ असावे (हे तीन आकडे रंगाची माहिती किती बारकाईने साठवली ते सांगतात), असे मी धरून चालतो. आरटीएक्स ३० मालिकेतील कार्डे एच.२६५ चे ४:२:० आणि चक्क ४:४:४ देखील हार्डवेअरमध्ये उलगडतात, पण मधले ४:२:२ त्यांना जमत नाही. एनव्हीडियाने ती सोय २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेत दिली. इंटेलच्या बाराव्या पिढीतील अंगभूत ग्राफिक्सला ती जमते, परंतु आपल्या प्रोसेसरच्या नावात शेवटी जो ‘एफ’ आहे त्याचा अर्थच अंगभूत ग्राफिक्स नाही असा होतो. खरेदीच्या वेळी थोडे पैसे वाचवण्यासाठी ‘एफ’ घेतला जातो आणि संकलनाच्या संगणकात ती बचत पुढे महागात पडते. त्यामुळे सगळा भार प्रोसेसरच्या गाभ्यांवर येतो. शिवाय या स्वरूपात प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे साठवलेली नसते, तर मागच्यापुढच्या फ्रेम्सच्या आधाराने बांधावी लागते, म्हणून प्लेहेड मागे-पुढे सरकवताना अडखळणे अधिक जाणवते. एफएक्स६ चे एक्सएव्हीसी-आय स्वरूप एच.२६४ वर आधारलेले असून त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण असते. फाइल मोठी होते, परंतु उलगडायला सोपी जाते, आणि आपल्याकडे ते सुरळीत चालण्याचे कारण तेच आहे.

यावर उपाय प्रॉक्सीचा, म्हणजे संकलनापुरत्या हलक्या प्रतींचा. एफएक्स३ च्या क्लिप निवडून रिझॉल्व्हमधूनच डीएनएक्सएचआर एलबी या उलगडायला सोप्या स्वरूपात, १९२० × १०८० आकाराच्या प्रॉक्सी रात्री तयार करायला लावाव्यात. ग्रेडिंगच्या वेळी प्रॉक्सी बंद करून मूळ फाइलवर यावे.

आता प्रोरेस रॉकडे येतो. माझे स्पष्ट मत असे आहे की एका कॅमेऱ्याच्या काही क्लिपसाठी अर्धे संकलन झालेला प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत नेऊ नये. त्या क्लिपच प्रोजेक्टला समजेल अशा स्वरूपात आणाव्यात. रिझॉल्व्हमध्ये एखादा प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत उघडून जतन झाला की तो जुन्या आवृत्तीत पुन्हा उघडत नाही. ॲडोबीच्या प्रीमिअर या संकलन-सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. म्हणजे आपण २० वर गेलात की आपले ग्रेडिंगवाले त्याच क्षणी आपल्यापासून तुटतात, आणि उद्या नव्या आवृत्तीत एखादे ओएफएक्स प्लगइन रुसले किंवा ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर टाकणे भाग पडले, तर मागे फिरण्याचा मार्ग फक्त जुन्या बॅकअपमधून जातो. तोपर्यंतचे नवे काम त्यात नसते.

त्याऐवजी असे करता येईल. रिझॉल्व्ह स्टुडिओची परवाना-किल्ली दोन संगणकांवर सक्रिय करता येते. आपल्याकडे एखादा बरा लॅपटॉप असल्यास त्यावर २०.२ टाकावे, कोरा प्रोजेक्ट उघडावा आणि त्यात फक्त या प्रोरेस रॉ क्लिप घ्याव्यात. मुख्य संगणकाला आणि त्यावरील प्रोजेक्ट लायब्ररीला हातही लावू नये. डिलिव्हर पानावर ‘सिंगल क्लिप’ऐवजी ‘इंडिव्हिज्युअल क्लिप्स’ निवडावे, फाइलच्या नावासाठी ‘सोर्स नेम’ ठेवावे आणि डीएनएक्सएचआर ४४४, १२-बिट, मूळ आकारात, उदाहरणार्थ ४१२८ × २३२२ मध्ये, रेंडर करावे. टाइमकोड मूळ क्लिपचाच उतरला आहे याची एका क्लिपवर खात्री करून मगच सगळा ढीग लावावा. एक पथ्य कटाक्षाने पाळावे: रंग लॉगमध्येच (फिकट दिसणाऱ्या, पण उजळ-गडद तपशील राखणाऱ्या रूपात) ठेवावेत, रेक.७०९ या नेहमीच्या टीव्ही-मानकाचा देखणा रंग चढवून रेंडर करू नये. दिवे घाटात पावसाळी ढगाळ आकाश आणि पांढरे सदरे-टोप्या एकाच चौकटीत असणार. तेथील उजळ भाग एकदा कापले गेले की ग्रेडिंगमध्ये परत येत नाहीत.

उत्तर: रंगकर्मी_नव्हे_रंगसंस्कारक

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु एका ठिकाणी मला थांबावेसे वाटते. रॉ फाइल आधीच उलगडून डीएनएक्सएचआरमध्ये नेली की डिबेयरिंग (संवेदकाच्या आकड्यांतून रंगीत चित्र बांधणे) कायमचे झालेले असते. व्हाइट बॅलन्स आणि आयएसओ नंतर बदलता येत नाहीत असे नाही, १२-बिट लॉगमध्ये पुष्कळ वाव राहतो, पण आधार मूळ संवेदकाच्या आकड्यांचा न राहता उलगडलेल्या चित्राचा राहतो. बहुतेक शॉटमध्ये हा फरक दिसणार नाही. घाटाच्या वळणावर ढग फाटून एकदम ऊन आले असेल अशा एखाद्या शॉटमध्ये दिसेल.

म्हणून या डीएनएक्सएचआर फाइलकडे संकलनापुरत्या फाइल म्हणून पाहावे आणि मूळ प्रोरेस रॉ टाकून देऊ नये. कट लॉक (अंतिम) झाल्यावर ग्रेडिंग स्टुडिओची आवृत्ती तोवर बदललेली असेल तर कन्फॉर्मच्या, म्हणजे कट मूळ फाइलवर पुन्हा बांधण्याच्या, वेळी मूळ फाइलशी जोडणी करता येईल. बदललेली नसेल तर याच फाइलवर ग्रेडिंग होईल आणि तेही उत्तमच होईल. दोन्ही वाटा उघड्या राहण्यासाठी नाव आणि टाइमकोड जुळणे पुरेसे आहे. फाइलचे शेपूट बदललेले असल्याने जोडणी करताना फाइलच्या शेपटाकडे दुर्लक्ष करणारा पर्याय निवडावा लागतो, एवढेच ध्यानात ठेवावे. आवृत्ती बदलायचीच असेल तर ती लॉक झाल्यावर, आपण आणि स्टुडिओ दोघांनी एकाच वेळी बदलावी.

थोडे विषयाच्या कडेला जाऊन लिहितो, कारण ‘एवढी साधी फाइल इतकी वर्षे का उघडत नव्हती’ असे निर्माते विचारतातच. ॲपलने प्रोरेस रॉ २०१८ च्या एप्रिलमध्ये जाहीर केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्लॅकमॅजिकने स्वतःचे ब्लॅकमॅजिक रॉ आणले, आणि ब्लॅकमॅजिक हीच रिझॉल्व्हची कंपनी. प्रीमिअरला प्रोरेस रॉ २०२० मध्ये वाचता येऊ लागले, रिझॉल्व्हला मात्र २०२५ उजाडावे लागले. यात तांत्रिक अडचण किती आणि घरच्या स्वरूपाचा अभिमान किती, हे ज्याने त्याने ठरवावे. माझा कौल दुसऱ्या कारणाला आहे. रॉच्या मुलखात पेटंटचीही मोठी गुंतागुंत होती. कॅमेऱ्याच्या आतच रॉ संकुचित करून साठवण्याचे पेटंट रेड या सिनेकॅमेरा बनवणाऱ्या कंपनीकडे होते. ॲपलने त्याला दिलेले आव्हान २०१९ मध्ये फेटाळले गेले. २०२२ मध्ये निकॉनने झेड९ च्या फर्मवेअर २.० मधून एन-रॉ दिले तेव्हा रेडने निकॉनवर दावा लावला, तो २०२३ मध्ये निकाली निघाला आणि २०२४ मध्ये निकॉनने रेड कंपनीच विकत घेतली. तेव्हा कॅमेऱ्याच्या मेनूत एखादे स्वरूप आहे म्हणजे संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते असणारच, असे गृहीत धरायला या व्यवसायाने कधीच जागा ठेवलेली नाही. तो मेनू आणि हे सॉफ्टवेअर वेगवेगळ्या कंपन्यांचे असते आणि त्यांचे हितसंबंधही वेगळे असतात.

उत्तर: कार्डवाचक

मूळ प्रश्नातील एका वाक्याकडे अजून कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. एमपी४ फाइल ‘फारच हलक्या चालतात’ असे आपण लिहिले आहे. कृपया त्या फाइलची नावे एनईव्ही फाइलच्या नावांशी ताडून पाहावीत. झेड८ एन-रॉमध्ये चित्रीकरण करत असताना प्रत्येक एनईव्ही फाइलबरोबर त्याच नावाची १९२० × १०८० आकाराची एक एमपी४ फाइलही आपोआप लिहीत असतो. कॅमेऱ्यावर चटकन पाहण्यासाठी आणि प्रॉक्सी म्हणून वापरण्यासाठी ती असते. म्हणजे आपल्याकडे स्वरूपे दोनच असून तिसरे हे पहिल्याचीच सावली असण्याची शक्यता मोठी आहे.

हे तपासणे महत्त्वाचे का, तर माउसच्या एका क्लिकवर उघडते म्हणून सहायक संकलक एमपी४ टाइमलाइनवर टाकतात, ‘ही एनईव्ही कसली फाइल’ म्हणून ती बाजूला ठेवतात, आणि ८-बिट प्रॉक्सीवर ग्रेडिंग सुरू झाल्यावर आकाशात पट्टे दिसू लागतात. नावे जुळत असतील तर मीडिया पूलमध्ये फक्त एनईव्ही घ्याव्यात आणि एमपी४ त्यांना प्रॉक्सी म्हणून जोडाव्यात. प्रॉक्सी तयार करण्याचा वेळही वाचेल.

याच कारणासाठी कार्डाची प्रत घेताना फोल्डरांची मूळ रचना जशीच्या तशी ठेवावी, हे मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. सोनीच्या एफएक्स३ च्या कार्डावर ‘प्रायव्हेट’मध्ये ‘एम४रूट’ आणि त्यात ‘क्लिप’ अशी रचना असते, आणि प्रत्येक एमपी४ शेजारी एक छोटी एक्सएमएल फाइल असते. ती काही किलोबाइटची फाइल निरुपयोगी वाटते म्हणून केवळ व्हिडिओ ओढून घेतला जातो. वास्तविक त्या क्लिपबद्दलची माहिती तिच्यात नोंदलेली असते. नवी आवृत्ती अमुक कॅमेऱ्याचा मेटाडेटा वाचते असे अपडेटच्या टिपणात लिहिलेले असले, तरी जी फाइल कार्डावरून उचललीच नाही ती कोणती आवृत्ती वाचणार?

जाता जाता लिनक्सवर काम करणाऱ्यांसाठी एक सूचना, कारण पुण्यातील काही संस्थांच्या प्रयोगशाळांत रिझॉल्व्ह लिनक्सवर आहे. तेथे एएसी ध्वनी उलगडत नाही. सोनीच्या एक्सएव्हीसी फाइलमध्ये ध्वनी पीसीएम असल्याने तो ऐकू येतो, मोबाइलवर घेतलेल्या क्लिप मात्र मुक्या येतात. फाइल बिघडली असे समजून लोक पुन्हा पुन्हा कॉपी करत बसतात.

कर्वेनगर_संकलन

सर्वांचे मनापासून आभार. ‘कार्डवाचक’ यांनी म्हटल्याप्रमाणे नावे ताडून पाहिली आणि त्यांचा अंदाज खरा ठरला. एमपी४ आणि एनईव्ही फाइल जोडीनेच आहेत. परंतु त्यातून एक नवीच काळजी निर्माण झाली आहे. काही एमपी४ फाइलना जोडीदार एनईव्ही फाइलच नाही. दोन लांब शॉट आणि घाटाच्या माथ्यावरचा एक शॉट यांच्या केवळ एमपी४ आमच्याकडे आहेत. छायालेखकांशी बोलणे झाले; डिस्क भरत आल्यामुळे त्यांच्या सहायकाने ‘दुहेरी’ फाइल गाळल्या असाव्यात असे ते म्हणतात. कार्ड त्यानंतर दुसऱ्या कामासाठी वापरले गेले आहे.

प्रोरेस रॉची एक क्लिप सुचवल्याप्रमाणे लॅपटॉपवर २०.२ मध्ये उलगडून १९.१ मध्ये आणली. नाव आणि टाइमकोड दोन्ही जुळले. उरलेला ढीग आता लावतो आहे. एफएक्स३ च्या प्रॉक्सीही तयार होत आहेत. नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यावे का, हा निर्मात्यांचा पुढचा प्रश्न आहे. आणि तिसऱ्या भागासाठी सासवडला काही शॉट पुन्हा घ्यावे लागणार आहेत, तेव्हा याच झेड८ वर कोणते स्वरूप निवडायला सांगावे, हेही कळल्यास बरे होईल.

उत्तर: कार्डवाचक

गाळलेल्या फाइलबद्दल वाईट वाटले, पण असे का होते हे समजण्यासारखे आहे. ८.३के आकारात, २५ फ्रेम्सने, उच्च दर्जाचे एन-रॉ सेकंदाला सुमारे २,४०० मेगाबिट घेते. म्हणजे तासाभराच्या फुटेजला एक टीबीहून अधिक जागा लागते. ज्या माणसाने घरून दोन टीबीची डिस्क आणली आहे त्याला दुपारी पोचेपर्यंतच घाम फुटतो, आणि एकाच नावाच्या दोन फाइल दिसल्या की मोठी फाइल गाळण्याचा मोह होतो. रॉमध्ये चित्रीकरण ठरवताना कॅमेऱ्याबरोबर डिस्कांचाही हिशेब अंदाजपत्रकात आधीच धरायला हवा.

त्या तीन शॉटसाठी कार्ड कोणत्या कामासाठी आणि किती भरले गेले ते विचारावे. पूर्ण भरले गेले नसेल तर फाइल परत मिळवण्याचे सॉफ्टवेअर चालवून पाहण्यासारखे आहे, पण त्या आधी कार्डावर काहीही नवे लिहिले जाता कामा नये. काही मिळाले नाही तर एमपी४ वापरावी. १९२० × १०८० च्या टाइमलाइनवर थोड्या वेळासाठी ती खपून जाईल, मात्र तिच्यावर झूम करू नये आणि आकाशाला फारसे ओढू-ताणू नये.

उत्तर: प्रभात_रोड_पोस्ट

ग्राफिक्स कार्डाबद्दल माझा सल्ला सध्या थांबण्याचा आहे. आरटीएक्स ५० मालिकेतील कार्ड एच.२६५ चे ४:२:२ उलगडते हे खरे, परंतु त्या कार्डाला नवा ड्रायव्हर लागतो आणि त्याच्या नव्या क्षमतेचा उपयोग जुन्या आवृत्तीत होईलच असे नाही. म्हणजे आपण दारातून बाहेर ठेवलेला अपडेटचा प्रश्न खिडकीतून परत आत येईल. प्रॉक्सीवर हा माहितीपट पूर्ण करावा आणि खरेदी पुढच्या कामाच्या सुरुवातीला, नव्या आवृत्तीसह एकदमच करावी. तेव्हाही केवळ संकलनाचा विचार असेल तर ‘एफ’ नसलेला इंटेल प्रोसेसर हा तुलनेने स्वस्त मार्ग आहे, हे निर्मात्यांच्या कानावर घालावे. ॲपलचे एम१ आणि त्यानंतरचे संगणकही हे स्वरूप हार्डवेअरमध्येच उलगडतात, पण त्यासाठी सगळा संसारच हलवावा लागेल.

सासवडच्या चित्रीकरणासाठी रॉचा आग्रह सोडावा, असे मी सुचवेन. झेड८ मध्ये एन-लॉगसह १०-बिट एच.२६५ निवडता येते आणि निकॉनचे हे एच.२६५ ४:२:० असते. कागदावर ते सोनीच्या ४:२:२ पेक्षा कमी वाटते, पण आपले आरटीएक्स ३०६० ते हार्डवेअरमध्ये उलगडते, त्यामुळे प्रॉक्सीशिवाय काम होईल. दर्जाबाबत तडजोड नको असेल तर त्याच कॅमेऱ्यात प्रोरेस ४२२ एचक्यू आहे. ते साधे प्रोरेस आहे, रॉ नव्हे, आणि १९ मध्ये कोणत्याही खटपटीशिवाय उघडते. मेनूत प्रोरेस रॉ एचक्यू आणि प्रोरेस ४२२ एचक्यू ही नावे जवळजवळ असतात, तेव्हा फोनवर ‘प्रोरेसमध्ये घ्या’ एवढेच सांगू नये. कॉलशीटवर पूर्ण नाव, फ्रेम आकार आणि २५ फ्रेम्स असे लिहून द्यावे.

उत्तर: रंगकर्मी_नव्हे_रंगसंस्कारक

वरील दोनपैकी मी प्रोरेस ४२२ एचक्यू निवडेन, कारण दिवे घाटाच्या उलगडलेल्या क्लिपशी त्याचे रंग जुळवणे मला अधिक सोपे जाईल. त्यातही एन-लॉग चालू आहे ना, हे पाहून घ्यावे.

आणखी एक गोष्ट छायालेखकांना आजच कळवावी: सासवडपूर्वी कॅमेऱ्याचे फर्मवेअर बदलू नये. संकलनाची आवृत्ती आपण गोठवून ठेवली आणि कॅमेऱ्याची मात्र मोकळी सोडली, तर तोच कॅमेरा उद्या वेगळी फाइल देऊ शकतो. झेड९ ला एन-रॉ फर्मवेअरमधूनच मिळाले होते, ते वर आलेच आहे. शक्य असेल तर चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी ठरलेल्या सेटिंगवर अर्ध्या मिनिटाची एक क्लिप घ्यायला सांगावी, कार्डाच्या संपूर्ण फोल्डरसह ती मागवून घ्यावी आणि आपल्या १९.१ मध्ये व लॉ कॉलेज रस्त्यावरच्या स्टुडिओत, अशी दोन्हीकडे उघडून पाहावी. फाइल मोठी असल्याने ती व्हॉट्सॲपवर मागवू नये. तेथे व्हिडिओ म्हणून पाठवली तर ती पुन्हा संकुचित होऊन येईल आणि चाचणीचा काही उपयोग राहणार नाही. पेन ड्राइव्हवर आणायला सांगावी.